भोवऱ्यांची मोजदाद

राजीम येथे महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात कुलेश्वराच्या उंच जोत्याशी पाणी आदळून फिरू लागले, म्हणजे लहानमोठे असे अनेक भोवरे उठतात आणि विरून जातात. नावाडी त्यांना भितो, तीरावरची मुले त्यांत पाने टाकून गंमत पाहतात. परंतु हे भोवरे मोजावेत असे कोणाच्या मनात येत नाही. मोजावयाचे तरी काय? पाण्याच्या भोवऱ्याला ठराविक असे माप नाही. तो हवा तेवढा जोरकस किंवा हवा तेवढा मंद असू शकतो, आणि पाण्याच्या अंगच्या चिकटपणामुळे थकत थकत शेवटी निमतो.

श्रोतेहो, विसाव्या शतकाने या सर्वपरिचित वस्तूविषयी एक विलक्षण गोष्ट उघडकीस आणली. निसर्गात असेही प्रवाह आहेत, की ज्यांतील भोवरे नाण्यांप्रमाणे ठराविक मापाचेच पडतात. एक भोवरा असतो, दोन असतात, शंभर असतात. दीड भोवरा मात्र असू शकत नाही. असा भोवरा आपण होऊन थकतही नाही. प्रथम ही गोष्ट द्रवरूप हेलियमच्या बाबतीत कळली, मग धातूंतील विद्युत्प्रवाहाच्या बाबतीत कळली, आणि गेल्या काही दशकांत ती ‘इलेक्ट्रॉन’ आणि ‘पोकळी’ यांच्या जोड्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे. या शोधयात्रेचा इतिहास सांगण्याचा आज विचार आहे. तिची मुख्य पाऊले लायडन, मॉस्को, केंब्रिज अशा दूरच्या नगरांत पडली; तथापि ती आपल्या भूमीला आणि आपल्या माणसांनाही स्पर्श करून गेली आहे. कोठे आणि किती, हे नीट पारखून सांगणे हा या भाषणाचा एक हेतू आहे.

आरंभ हेलियमपासूनच केला पाहिजे, आणि हेलियमचे नाव निघाले की कोकणातील विजयदुर्गाचे नाव निघतेच. त्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून काही चौथरे दाखविले जातात. १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर या इंग्रज ज्योतिर्विदाने तेथे दुर्बीण रोवली आणि हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. अलीकडे १८ ऑगस्ट हा दिवस त्या निमित्ताने तेथे साजराही होतो. ही कथा ऐकावयास गोड असली, तरी कागदपत्रांशी जुळत नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण भारतातून दिसले हे खरे; परंतु त्या दिवशी ज्याच्या निरीक्षणाला महत्त्व आले तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होता, आणि मछलीपट्टण येथे मद्रास वेधशाळेचा पॉगसन होता. लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्याने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट तेथूनच पाहिला. पुढे त्यातील पिवळी रेषा सोडियमची नसून एखाद्या अपरिचित मूलद्रव्याची असावी, असे अनुमान त्याने केले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले.

मग साहेबाच्या ओट्यांची कथा निव्वळ कपोलकल्पित आहे काय? तसेही नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर खरोखरच विजयदुर्गावर आला होता. आरमारी जहाजावरील लोक त्याच्या मदतीस होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली उपकरणे घेऊन गेले होते. परंतु तोपर्यंत, म्हणजे १८९५ सालीच, रॅमसे याने पृथ्वीवरील एका युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम वेगळा काढला होता. लोकस्मृतीने दोन ग्रहणे एकत्र केली, तीस वर्षांचे अंतर पुसून टाकले आणि दूरच्या वेधाचा मान जवळच्या किल्ल्याला दिला. लोकस्मृतीची ही रीतच आहे, आणि तिच्यावर रागावण्याचे कारण नाही. तथापि इतिहास सांगणाऱ्याने मात्र दोन्ही तारखा जागच्या जागी ठेवल्या पाहिजेत. विजयदुर्गाचा खरा मान १८९८ चा आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

हेलियम सापडला तरी तो द्रवरूप होईना. १० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओन्नस याने तो प्रथम द्रवरूप केला. त्याचा उत्कलनबिंदू उणे २६९ अंश सेल्सियस, म्हणजे केवल शून्याच्या वर जेमतेम ४.२ अंश. या शीतलतेचे साधन हाती येताच ओन्नसने त्यात निरनिराळे धातू थंड करून पाहिले, आणि १९११ साली पाऱ्याचा विद्युत्-रोध एकाएकी नाहीसा झाल्याचे त्याला आढळले. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. अशा तारेच्या कड्यात एकदा सुरू केलेला प्रवाह विद्युत्घट काढून घेतला तरी फिरतच राहतो. असे का व्हावे, याचे उत्तर मिळण्यास पुढे शेहेचाळीस वर्षे लागली.

त्या उत्तराचा एक धागा डाक्क्याहून आला. १९२४ साली डाक्का विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची गणती करण्याची एक नवी रीत मांडली आणि आपला निबंध आइन्स्टाइनकडे पाठविला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापविला, आणि तीच रीत अणूंना लावली असता एक अजब निष्कर्ष निघतो असे दाखविले. पुरेशा कमी तापमानाला असंख्य कण आपापले वेगळेपण सोडून एकाच अवस्थेत गोळा होतात. दिंडीतील वारकरी टाळ-मृदंगाच्या एका ठेक्यावर पाऊल टाकू लागले, की कोण कोणत्या गावचा हे जसे उरत नाही, तसेच काहीसे हे आहे. हा निष्कर्ष बरीच वर्षे कागदावरच राहिला. १९३८ च्या जानेवारीत मॉस्कोच्या कापित्झाने, आणि त्याच अंकात केंब्रिजच्या ॲलन व मायझनर यांनी, असे प्रसिद्ध केले की २.१७ अंश केवल तापमानाच्या खाली द्रव हेलियम अतिशय अरुंद फटींतूनही जवळजवळ विनासायास वाहतो. या अतिप्रवाहितेचे मूळ बोस-आइन्स्टाइन यांच्या गणितात असावे, हे त्याच वर्षी फ्रिट्झ लंडन याने सुचविले.

आता भोवऱ्याकडे वळू. १९४९ साली फ्लॉरेन्स येथील एका परिषदेत चर्चेच्या ओघात लार्स ऑन्सागर याने एक छोटीशी टिप्पणी केली. अतिप्रवाही हेलियम फिरविला, तर त्याचे फिरणे ठराविक मापाच्या भोवऱ्यांनीच होईल, असे ती टिप्पणी सांगत होती. १९५५ साली रिचर्ड फाइनमन याने हाच विचार स्वतंत्रपणे आणि तपशिलाने मांडला. असे माप का पडावे, हे समजण्यास गणित लागतेच असे नाही. आपल्याकडील मुली भोंडल्यात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरतात, आणि छत्तीसगडातील स्त्रिया सुवा नृत्यात टोपलीतील मातीच्या पोपटाभोवती फेर धरतात. कल्पना करा, की अशा फेरातील प्रत्येकीने आपला हात शेजारणीच्या हातापेक्षा किंचित वळलेला ठेवावयाचा आहे. फेर धरून पुन्हा पहिलीपाशी आलो, म्हणजे हाताची दिशा तिच्या मूळ दिशेशी जुळलीच पाहिजे. कारण ती तीच मुलगी आहे. म्हणून सबंध फेरात हात एक पूर्ण वळसा घेईल, किंवा दोन घेईल, किंवा मुळीच घेणार नाही. दीड वळसा घेतला, तर पहिली आणि शेवटची यांचे हात एकमेकींच्या उलट होतील. अतिप्रवाहातील सर्व कण एकाच तरंगाचे घटक असतात. त्या तरंगाची ‘कला’ म्हणजे हा हात, आणि पूर्ण वळशांची संख्या म्हणजे भोवऱ्याचे माप. फेराच्या मध्यभागी नाचणारी कोणीच नसते. त्याचप्रमाणे भोवऱ्याच्या गाभ्यात अतिप्रवाह नसतो. तेथे वळण कोणत्या दिशेला आहे हे सांगताच येत नाही.

हेलियममधील एका भोवऱ्याचे माप म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले हेलियमच्या अणूचे वस्तुमान. ही राशी दर सेकंदास सुमारे एक चौरस सेंटिमीटरचा सहस्रांश भरते. भोवऱ्याचा गाभा मात्र एका सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाएवढा, म्हणजे अणूएवढाच रुंद. केंब्रिजच्या व्हायनेन याने फिरत्या हेलियममध्ये एक बारीक तार कंपित करून १९६१ साली हे एकेरी माप प्रत्यक्ष पडताळले, आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अशा भोवऱ्यांच्या रांगांची छायाचित्रे निघाली. परिषदेतील एका तोंडी टिप्पणीला चित्ररूप मिळण्यास तीस वर्षे लागली.

धातूंच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक बिकट होता. इलेक्ट्रॉन हे स्वभावाने एकलकोंडे आहेत. एका अवस्थेत एकापेक्षा अधिक इलेक्ट्रॉन राहूच शकत नाहीत. मग त्यांचा एकजीव प्रवाह होणार कसा? १९५६ साली कूपर याने दाखविले, की अणूंच्या जाळीच्या मध्यस्थीने दोन इलेक्ट्रॉनांची जोडी जमू शकते. अशा जोडीला एकलकोंडेपणाचा नियम लागू राहत नाही. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी या जोड्यांवर अतिसंवाहकतेची संपूर्ण उपपत्ती उभारली. त्याच वर्षी रशियात अब्रिकोसोव्ह याचा निबंध प्रसिद्ध झाला. काही अतिसंवाहकांत चुंबकीय क्षेत्र सरसकट न शिरता बारीक नळ्यांच्या रूपाने शिरते आणि प्रत्येक नळीभोवती विद्युत्प्रवाहाचा भोवरा फिरत असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. हे काम त्याने चार वर्षे आधीच केले होते. परंतु त्याचे गुरू लांदाऊ यांना ते पटले नाही, म्हणून ते पेटीत पडून राहिले. फाइनमनचा निबंध पुढे आल्यावर त्याला वाट मिळाली. अब्रिकोसोव्हला या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते २००३ साली.

या भोवऱ्यांचे माप म्हणजे चुंबकीय स्रोताचा एक ठराविक पुंज. तो इतका लहान, की पृथ्वीच्या चुंबकत्वातील सुमारे वीस लाख पुंज एका चौरस सेंटिमीटरमधून जातात. १९६१ साली अमेरिकेत आणि जर्मनीत एकाच वेळी हे माप घेतले गेले. लंडनने पूर्वी जे भाकीत केले होते, त्याच्या बरोबर निम्मे ते भरले. या निम्मेपणात मोठा अर्थ होता. भाजक एका इलेक्ट्रॉनाचा विद्युत्भार नसून दोघांचा आहे, म्हणजे जोड्या खरोखर आहेत, हे त्या मापानेच सांगितले. पुढे १९६७ मध्ये श्टुटगार्टच्या एसमान आणि ट्रॉय्ब्ले यांनी लोहचुंबकीय कणांची अतिसूक्ष्म भुकटी शिंपडून भोवऱ्यांची त्रिकोणी नक्षी डोळ्यांना दाखविली. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढावी, अशीच ती नक्षी दिसते.

परंतु ही रांगोळी जागेवर स्थिर राहील तरच उपयोगाची. अतिसंवाहकातून मोठा प्रवाह नेला, की तो भोवऱ्यांना बाजूला ढकलू लागतो. भोवरे सरकले की विद्युत्-दाब उत्पन्न होतो, उष्णता निर्माण होते आणि रोधरहितपणाचा सारा लाभ वाया जातो. म्हणून भोवऱ्यांना खिळवून ठेवले पाहिजे. येथे एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव येते. जयंत नारळीकरांचे बंधू अनंत नारळीकर यांनी साठच्या दशकात केंब्रिज येथे ड्यू-ह्यूज यांच्यासह नायोबियम आणि त्याच्या मिश्रधातूंचा अभ्यास केला. धातू ठोकला किंवा ओढला, की त्याच्या स्फटिकरचनेत दोष निर्माण होतात, हे लोहारालाही अनुभवाने ठाऊक असते. ठोकलेले लोखंड कठीण होते ते त्यामुळेच. हे दोष कोठे दाट आणि कोठे विरळ आहेत, यावर भोवरे किती घट्ट धरले जातील हे कसे अवलंबून असते, याचा त्या दोघांनी शोध घेतला. अनंत नारळीकरांनी पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अतिसंवाहकांवर दीर्घकाळ संशोधन केले, आणि या विषयावरील त्यांचे ग्रंथ जगभर वापरले गेले.

‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारण्याचा करदात्यास अधिकार आहे. उत्तर आज रायपूरपासून रत्नागिरीपर्यंत मोठ्या रुग्णालयांत मिळते. मेंदूचे किंवा मणक्याचे चित्र घेणाऱ्या एमआरआय यंत्राच्या पोटात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे वेटोळे असते. जुन्या धर्तीच्या यंत्रात ते हजाराहून अधिक लिटर द्रव हेलियममध्ये बुडविलेले असते. त्या तारेत भोवऱ्यांना खिळविणारे दोष कारखान्यात मुद्दाम निर्माण केलेले असतात. आत निजलेल्या रुग्णाला याची कल्पना नसते. परंतु त्याचे चित्र स्वच्छ येते, याचे एक कारण त्या तारेतील असंख्य भोवरे जागचे हलत नाहीत, हे आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या भोवऱ्यांवर अनेक वर्षे काम चालू आहे. तेथील प्रताप रायचौधुरी आणि त्यांचे सहकारी अतिशीत तापमानाला चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने भोवऱ्यांची चित्रे घेतात. मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ पापुद्र्यातील भोवऱ्यांची नक्षी एकदम न विस्कटता दोन पायऱ्यांनी वितळते, आणि मधल्या पायरीवर ठिपके आपली जागा सोडतात पण षट्कोनी दिशा सोडत नाहीत, असे त्यांनी २०१९ साली दाखविले.

आतापर्यंत दोन समभारी इलेक्ट्रॉनांच्या जोडीची गोष्ट झाली. आता अधिक नवलाची जोडी पाहू. तिचा एक घटक इलेक्ट्रॉन आहे, आणि दुसरा घटक इलेक्ट्रॉनाचा अभाव. आपल्या वैशेषिक दर्शनात कणादाने सहा पदार्थ सांगितले. उत्तरकालीन पंडितांनी त्यांत ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मिळविला. घट नसणे हीही एक वस्तुस्थिती आहे, असे त्यांचे म्हणणे. अर्धसंवाहकांच्या शास्त्राला हाच विचार दुसऱ्या वाटेने करावा लागला. भरलेल्या नाट्यगृहात रांगेतील एकच खुर्ची रिकामी असेल, आणि शेजारचे प्रेक्षक एकामागून एक सरकत गेले, तर रिकामी खुर्ची उलट दिशेने चालत गेल्यासारखी दिसते. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतील अशा रिकाम्या जागेला पोकळी म्हणतात. ऋणभाराचा अभाव, म्हणून तिचा व्यवहार धनभारासारखा असतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, जोडी जमते, आणि या जोडीला एक्सायटॉन असे नाव आहे. त्याची कल्पना १९३१ साली फ्रेंकेल याने मांडली.

अशा जोड्यांचाही एकजीव अतिप्रवाह व्हावा, असे १९६२ पासून शास्त्रज्ञ म्हणू लागले, आणि १९६४ च्या सुमारास रशियातील केल्दिश आणि कोपायेव्ह यांनी त्याची उपपत्ती तयार केली. ही जोडी अत्यंत हलकी असल्यामुळे हेलियमपेक्षा पुष्कळ अधिक तापमानालाही अतिप्रवाह शक्य व्हावा, अशी आशा होती. अडचण एकच होती. ज्या ओढीमुळे जोडी जमते, त्याच ओढीमुळे इलेक्ट्रॉन पोकळीत जाऊन बसतो, प्रकाशाची एक ठिणगी उडते आणि जोडी संपते. १९७५ साली लोझोविक आणि युडसन यांनी, आणि त्याच सुमारास शेव्हचेन्को यांनी, यावर एक साधा उपाय सुचविला. इलेक्ट्रॉन एका पातळ थरात ठेवावेत, पोकळ्या दुसऱ्या थरात ठेवाव्यात, आणि मधे विद्युत्‌-रोधक पडदा असावा. ओढ राहील, परंतु मीलन होणार नाही. आपल्या कथाकाव्यांतून नदीच्या दोन तीरांवर राहणाऱ्या प्रेमिकांचे वर्णन येते. निसर्गाला येथे तशीच स्थिती सोसावी लागते, आणि त्या विरहातूनच प्रवाहाला स्थैर्य येते.

सूचना सोपी होती. साधन मात्र नव्हते. ते मिळाले ते अनपेक्षित मार्गाने. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनांचे दोन थर मीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या काही पट एवढ्याच अंतरावर ठेवून त्यांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात नेले, आणि प्रत्येक थरातील जागा बरोबर निम्म्या भरल्या. माडीवर आणि खाली अशा दोन मजल्यांवर खुर्च्या असलेले नाट्यगृह डोळ्यांपुढे आणा. दोन्ही मजले अर्धे भरले आहेत. प्रेक्षकांना एकमेकांचे सान्निध्य नकोसे वाटत असेल, तर माडीवरच्या भरलेल्या प्रत्येक खुर्चीखाली तळमजल्यावरची खुर्ची रिकामी राहील. इलेक्ट्रॉनासमोर पोकळी, अशी जोडी आपोआप जमली. १९९२ मध्ये आयझेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या अवस्थेची पहिली चाहूल लागली. २००० साली एका थरातून दुसऱ्या थरात जाणारा प्रवाह एकाएकी कित्येक पटींनी वाढल्याचे आढळले. २००४ साली कॅलिफोर्नियात आणि प्रिन्स्टन येथे दोन्ही थरांतून परस्परविरुद्ध प्रवाह सोडून पाहिले, तेव्हा चुंबकीय क्षेत्रामुळे एरव्ही उत्पन्न होणारा आडवा विद्युत्-दाब जवळजवळ नाहीसा झाला. जोडी विद्युत्-दृष्ट्या उदासीन असल्याने चुंबकाला ती दिसतच नाही. आडवा दाब नाहीसा होणे ही तिची सहीच म्हणावयाची.

थरांमधील हा प्रवाह खरोखर रोधरहित मानावा काय, यावर त्या काळी मोठी चर्चा झाली. तीत आपल्या ओळखीचे एक आडनाव आढळते. २००१ साली योगेश जोगळेकर आणि ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी असा युक्तिवाद केला, की केवल शून्य तापमानालाही येथे अतिसंवाहकांसारखा निखळ रोधरहित प्रवाह एका थरातून दुसऱ्यात जाणार नाही. वाहकता फार वाढेल, परंतु ती सांतच राहील. साम्य दिसले म्हणून ऐक्य मानू नये, ही सावधगिरी त्या निबंधात आहे.

या अवस्थेतील भोवरे कसे असतात? अतिसंवाहकातील भोवरा चुंबकीय स्रोत कवटाळून बसतो. येथे दोन थरांतील प्रवाह उलटसुलट फिरतात, त्यामुळे त्यांचे चुंबकत्व बहुतांशी एकमेकांना छेदून टाकते. परंतु प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील या भोवऱ्याला दुसरेच एक लक्षण प्राप्त होते. इलेक्ट्रॉनाच्या भाराच्या बरोबर निम्मा भार त्याच्या ठायी असतो, कधी धन तर कधी ऋण. इलेक्ट्रॉन फुटत नाही, तरी सर्वांच्या मिळून केलेल्या फेराच्या मध्याशी अर्धा भार साचतो. असे भोवरे आणि त्यांचे प्रतिभोवरे, म्हणजे उलट फिरणारे सोबती, थंडीत जोडीने राहतात आणि निरुपद्रवी असतात. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले, की त्यांची ताटातूट होते, आणि मोकळे झालेले भोवरे अतिप्रवाह मोडून टाकतात. पातळ थरांतील हे सामान्य सूत्र रशियातील बेरेझिन्स्की यांनी १९७१ मध्ये, आणि ब्रिटनमधील कोस्टरलिट्झ व थाउलेस यांनी लगेच पुढे, मांडले. २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत कोस्टरलिट्झ आणि थाउलेस होते. बेरेझिन्स्की १९८० सालीच निवर्तले होते.

प्रत्यक्ष प्रयोगांत अतिप्रवाहाचा रोध पूर्णपणे शून्य होत नाही, थोडा शेष उरतोच. स्फटिकातील अशुद्धीमुळे सुटे राहिलेले भोवरे हेच त्याचे कारण असावे, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे येथेही भोवऱ्यांना आवरणे हाच कळीचा प्रश्न होऊन बसला आहे. १९६४ च्या नायोबियमचा प्रश्न आणि आजचा प्रश्न एकाच घराण्यातील आहेत.

अलीकडे साधनेही बदलली आहेत. २०१७ मध्ये कोलंबिया आणि हार्वर्ड येथील गटांनी ग्राफीनच्या पापुद्र्यांत ही अवस्था निर्माण केली. २०१९ मध्ये मॉलिब्डेनम व टंगस्टन यांच्या संयुगांच्या अणुमात्र जाडीच्या दोन थरांत, चुंबकीय क्षेत्रावाचून, सुमारे १०० अंश केवल तापमानापर्यंत एक्सायटॉनांच्या एकजीव अवस्थेचे पुरावे आढळले. उणे १७३ अंश सेल्सियस ही आपल्या दृष्टीने भयंकर थंडी खरी. परंतु त्यासाठी दुर्मीळ हेलियमची गरज नाही, स्वस्त द्रव नायट्रोजन पुरतो. ग्राफीनसारख्या पापुद्र्यांवर मुंबईच्या टाटा संस्थेत मंदार देशमुख आणि त्यांचे सहकारीही काम करीत आले आहेत. त्यांना २०१५ चे भटनागर पारितोषिक मिळाले.

या इतिहासाकडे मागे वळून पाहिले, म्हणजे दोन गोष्टी मनात राहतात. पहिली कालावधीची. ऑन्सागरच्या टिप्पणीपासून छायाचित्रापर्यंत तीस वर्षे, लोझोविकांच्या सूचनेपासून निर्णायक प्रयोगापर्यंत जवळजवळ तितकीच वर्षे, आणि अब्रिकोसोव्हच्या निबंधापासून पारितोषिकापर्यंत शेहेचाळीस. शासनाचे अर्थसंकल्प वर्षाचे असतात, योजना पाच वर्षांच्या असत. अशा मापांनी या कामाची फलश्रुती मोजू गेल्यास प्रत्येक वेळी शून्य हाती आले असते, आणि ते शून्य पाहून कोणी अनुदान बंद केले असते, तर आज रुग्णालयात ते वेटोळे नसते. सरकारी टिपणीत ‘सद्यःस्थितीत उपयुक्तता दिसत नाही’ असे लिहिणे सोपे असते. ते वाक्य लिहिण्यापूर्वी या तारखा एकदा वाचाव्यात, असे शासनाच्या सेवेतील माणसाला सुचविल्यावाचून राहवत नाही.

दुसरी गोष्ट श्रेयाची. आपण सारे श्रेय एक तर विजयदुर्गाच्या ओट्यावर नेऊन ठेवतो, नाही तर सगळे परक्यांचेच म्हणून हात झटकतो. दोन्ही रीती आळसाच्या आहेत. डाक्क्याची एक गणनरीत, केंब्रिजमध्ये एका मराठी विद्यार्थ्याने तपासलेला ठोकलेला धातू, मुंबईच्या प्रयोगशाळेतील ठिपक्यांची रांगोळी, अर्धभाराच्या भोवऱ्यांच्या वादात ‘थांबा, हे तेच नव्हे’ म्हणणारा एक निबंध, एवढा आपला वाटा कागदोपत्री दिसतो. तो फार मोठा नाही आणि क्षुद्रही नाही. तो जेवढा आहे तेवढाच सांगितला, तर पुढे तो वाढविण्याची जबाबदारी कोणाची, हेही आपोआप स्पष्ट होते. राजीमच्या संगमावर पाने टाकून भोवरे पाहणाऱ्या मुलांपैकी एखादे उद्या ही मोजदाद पुढे नेईल. त्याच्यासाठी शाळेत एक चांगला विज्ञानशिक्षक, मातृभाषेत एक चांगले पुस्तक आणि तालुक्याला एक उघडी प्रयोगशाळा असावी, एवढी तरतूद मात्र आपल्याला आजच केली पाहिजे.